लेकीला मैदानावरून मागणी येते तेव्हा...

एप्रिलमधली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी भांडी आवरत होते, तेवढ्यात दारात आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई उभी. हळद शिजवण्याच्या कामावरून तशीच आलेली. हात पिवळे, पदर पिवळा.

"बाई, पोरीला मागणी आली," ती म्हणाली.

माझ्या पोटात धस्स झालं. मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, सोळा वर्षांची! "अहो, एवढ्यात कसलं लग्न करता?" असं म्हणून मी रागवायच्या बेतात होते, तर तिनं पदराची गाठ सोडून एक कार्ड काढून दाखवलं. ही मागणी लग्नाची नव्हती, मैदानावरची होती. मुलगी खोखोत राज्य पातळीपर्यंत खेळून आलेली. दूरच्या शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक त्यांच्या घरी येऊन गेले होते. "अकरावीला मुलगी आमच्याकडे द्या. राहणं, खाणं, फी, सगळं फुकट. फक्त निकाल लागला की त्याच दिवशी शाळेचा दाखला काढून आम्हाला द्या."

"काय करावं, बाई? लेकराचं नशीब उघडलं म्हणायचं का?"

नशीब उघडलं! हेच शब्द मी आमच्याच घरात एकदा ऐकले होते. म्हणून मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि चहाचं आधण ठेवता ठेवता आमच्या भाचीची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

माझ्या थोरल्या नणंदेची मुलगी कबड्डी खेळायची. काटक पोर, चढाईला गेली की गडी मारूनच परतायची. दहावीनंतर तिलाही असंच एका संस्थेनं बोलावलं. "वहिनी, पोरीचं नशीब उघडलं," म्हणून ताई आनंदानं रडल्या. गावानं हार घातले. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ का होईना शिकवणारी, पण मलाही एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. पेढे वाटण्यात मीच पुढे होते.

जूनमध्ये भाची गेली. डिसेंबरात सरावात पाय मुरगळला आणि गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. ऑपरेशनचा खर्च घरच्यांच्या गळ्यात आला. ताईंनी दोन म्हशींतली एक विकली. तिकडं संस्थेनं कळवलं, "मुलगी खेळत नाही, तेव्हा सवलत देता येत नाही." वसतिगृहाचे मागचे पैसे भरा, मगच मूळ दाखला आणि गुणपत्रिका मिळेल, असाही निरोप आला. सगळं मिळेपर्यंत वर्ष गेलं ते गेलंच. मुलगी घरी आल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मामी, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, मैत्रिणींनो. चुकलं ते आम्हा मोठ्या माणसांचं.

मुलीची सोयरीक जुळवताना आपण काय काय पाहतो? घर, जमीन, सासूचा स्वभाव, मुलाचं व्यसन, पाण्याची सोय. चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय सुपारी फुटत नाही. आणि खेळासाठी तीच मुलगी सोळाव्या वर्षी परगावी पाठवताना आपण एका कार्डावर आणि ‘सगळं फुकट’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवतो!

संस्थेला तुमची लेक कशाला हवी?

आधी हे समजून घेऊ या. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा त्या पायऱ्या. अकरावी-बारावीची मुलं १९ वर्षांखालच्या गटात उतरतात. म्हणजे दहावीपर्यंत कुणा खेड्यातल्या सरांनी घाम गाळून तयार केलेली खेळाडू अकरावीला आपल्याकडे आणली, की त्या महाविद्यालयाला तयार संघ मिळतो. चषक आला की नाव होतं. पुढे पदवीला गेल्यावर विद्यापीठाचा संघ आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात, तिथंही अशा मुलांना मागणी असते. यात वाईट काही नाही. दोघांचाही फायदा होऊ शकतो. पण गरज त्यांनाही आहे, हे ओळखून बोलावं. आपण काही उपकार मागायला बसलेलो नसतो.

नियम कुठले आहेत, कुठले नाहीत

अमेरिकेत शाळकरी खेळाडूंना महाविद्यालयांनी कसं बोलवावं, याचं एक मोठं नियमांचं पुस्तकच आहे. ‘एन.सी.ए.ए.’ नावाची संघटना ते काम पाहते. बहुतेक खेळांत मुलाची दहावी इयत्ता संपल्यानंतर, १५ जूनच्या आधी प्रशिक्षकानं मुलाला फोनसुद्धा करायचा नाही. विद्यार्थ्यानं ठरावीक विषय पुरे केले नसतील आणि गुण कमी असतील तर कितीही चांगला खेळला तरी मैदानावर उतरता येत नाही. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच एका नियमानं वेधलं. ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांना दुखापतीच्या किंवा खराब खेळाच्या कारणावरून शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. शिवाय खेळताना झालेल्या दुखापतीचा इलाज शिक्षण संपल्यावरही निदान दोन वर्षं त्यांनी करायचा. हे वाचलं तेव्हा मला भाचीचा गुडघा आठवला. तिकडचंही सगळं गोड आहे असं नाही, पण निदान आईला बोट ठेवून दाखवायला कागद तरी आहे.

आपल्याकडे असं एक पुस्तक नाही. नियम आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. ते माहीत असले तर पुष्कळ फसगत टळते.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन होतात. तेव्हा कुणी सर दारात येऊन "प्रवेश दिला" म्हणाले, तरी अर्ज भरावाच लागतो. कुठल्या जागेवर प्रवेश होणार, गुणवत्तेच्या की व्यवस्थापनाच्या, हे आधीच विचारून घ्यावं. व्यवस्थापनाच्या जागेची फी पुढं अंगावर येऊ शकते.

दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. स्पर्धा कुठल्या पातळीवरची यावर ते ठरतात आणि जास्तीत जास्त २५ असतात. त्यासाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते २००५ च्या शासननिर्णयानं आलं. पण प्रत्येक पदक तिथं चालत नाही. खेळ यादीतला हवा, स्पर्धा मान्य संघटनेची हवी आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. "आमच्याकडे आलात की नोकरी नक्की," असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं.

वयाचंही तसंच. "जन्मतारीख जरा मागे-पुढे करू, लहान गटात खेळेल," असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका! वय चोरणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची संहिता २०१० सालीच आली. हाडांचा एक्स-रे काढून वय तपासतात. सापडलं की शिक्षा मुलीला होते, सल्ला देणारा नामानिराळा राहतो.

आणि सरकारचे स्वतःचे रस्तेही आहेत. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनींत निवड झालेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकार करतं. लहान मुलांची निवड चाचण्यांवर होते. उंची-वजन, ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक, ८०० मीटर धाव अशा त्या चाचण्या असतात. पुढं आलेल्या खेळाडूंना कामगिरीवरही प्रवेश मिळू शकतो. सगळेच खेळ तिथं नसतात, तेव्हा आपल्या मुलीचा खेळ आहे का ते पाहावं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे ‘साई’चं, केंद्र मराठवाड्यातच छत्रपती संभाजीनगरला आहे. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद ठेवली गेली. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, हातखर्चाचे. बाकीचे प्रशिक्षण, राहणं-खाणं यांसाठी. ही सगळी चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे आम्हाला आता त्यासाठी परभणी गाठावी लागत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या गावीही हे कार्यालय असेलच.

विचारायचे सहा प्रश्न

हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या आईला म्हटलं, "आता वही काढा." ती म्हणाली, "मला लिहिता कुठं येतं, बाई? तुम्हीच लिहा." मग आम्ही दोघींनी मिळून सहा प्रश्न काढले. हे पान कापून ठेवलंत तरी चालेल.

एक. फुकट म्हणजे काय काय फुकट, आणि किती वर्षं? राहणं, दोन्ही वेळचं जेवण, दूध-अंडी, बूट, प्रवास, परीक्षा फी यांतलं काय त्यात धरलंय?

दोन. दुखापत झाली तर इलाज कोण करणार? विमा आहे का? मुलगी खेळू शकली नाही तरी वर्ष संपेपर्यंत सवलत राहील का?

तीन. मूळ कागद कोण ठेवणार? प्रवेशासाठी शाळेचा दाखला द्यावाच लागतो. पण देण्याआधी सगळ्याच कागदांच्या साक्षांकित प्रती करून घ्याव्यात आणि पोच घ्यावी. पदवी महाविद्यालयांनी मुलांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. कनिष्ठ महाविद्यालयाकडूनही आपण तेच लिहून मागावं.

चार. अभ्यासाचं काय? सराव किती तास, तास बुडाले तर कोण भरून काढणार? हजेरी नुसती कागदावर लागणार असेल, तर बारावीला मुलगी तोंडावर पडते.

पाच. मुलींच्या वसतिगृहात बाई अधीक्षक आहेत का? बाहेरगावी संघाबरोबर कोण जातं? २०२२ साली ‘साई’नंच सांगितलं आहे, की महिला खेळाडू असलेल्या पथकासोबत महिला प्रशिक्षक हवीच. आपण विचारलं तर त्यात संशय घेण्यासारखं काय आहे? आणि मुलीलाही बजावून ठेवावं, की काही वावगं वाटलं तर कुठल्याही वेळी घरी फोन कर, आम्ही रागावणार नाही.

सहा. परत यायचं म्हटलं तर? दाखला किती दिवसांत मिळेल, पैसे मागणार का?

आणि ही सगळी उत्तरं संस्थेच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी घ्यायची. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

मग काय झालं?

त्या सरांना माझ्याच फोनवरून फोन लावला. आधी ते जरा नाराज झाले. "मॅडम, इतकं कुणी विचारत नाही हो!" मी म्हटलं, "सर, म्हणूनच विचारते." चार-पाच दिवसांनी पत्र आलं. राहणं, जेवण, फी यांबद्दल स्वच्छ लिहिलेलं. वसतिगृहाला बाई अधीक्षक आहेत, असंही होतं. दुखापतीपुढं मात्र एवढंच, ‘संस्थेच्या नियमानुसार.’ ते नियम पाठवा म्हणून दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही.

मुलीच्या आईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी येऊन म्हणाली, "बाई, यंदा इथंच राहू द्या." पोरगी दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. मला वाईट वाटलं. उद्या तीच म्हणेल, ‘बाईंनी माझी संधी घालवली.’ म्हणू दे. आता ती हिंगोलीतच अकरावीला आहे, पहाटे मैदानावर असते आणि १९ वर्षांखालच्या गटात खेळायची तयारी करते आहे. पुढच्या वर्षी चांगल्या ठिकाणाहून, पुऱ्या कागदानिशी बोलावणं आलं, तर तिला एस.टी.त बसवून द्यायला मीच जाईन.

कारण खेळानं मुलींचं भलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. आपल्या मराठवाड्यातल्याच धाराशिवची सारिका काळे, गरिबीतून वर आली, भारताच्या खोखो संघाची कर्णधार झाली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तेव्हा लेकीला घरात कोंडून ठेवा, असं माझं मुळीच म्हणणं नाही.

आमची भाची आता बारावी झाली आहे. गुडघा बरा आहे, पण चढाईला जात नाही. गावातल्या लहान मुलींना संध्याकाळी कबड्डी शिकवते. परवा मला म्हणाली, "मामी, तुमच्या त्या सहा प्रश्नांचा कागद मला द्या ना. माझ्या दोन पोरी चांगल्या तयार होतायत. त्यांच्या आयांना लागेल."

कागद तिला दिला. तुम्हालाही दिला. तुमच्या दारात कुणी कार्ड घेऊन आलं, तर चहा जरूर पाजा. पण दाखला आपल्या हातात असतानाच सगळं विचारून घ्या.