तात्पुरत्या फायलींचं स्थलांतर : नक्कल कोणती, अस्सल कोणतं?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकावर काय बोलावं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. त्याचं असं झालं, मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका मुलाने विचारलं, "सर, लॅपटॉपचा सी ड्राइव्ह भरलाय. ब्राउझरच्या तात्पुरत्या फायली डी ड्राइव्हवर नेल्या तर चालेल का?" एका शब्दात उत्तर द्यायचं तर, चालेल. पण आपण नेमकं काय हलवतोय हे आधी ओळखावं लागतं. आज तेवढंच बोलायचं आहे.

या तात्पुरत्या साठ्याला 'कॅश' म्हणतात. रोकड नव्हे हं! मुळात हा फ्रेंच शब्द, लपवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडलंत की त्यावरची चित्रं, अक्षरांचे टंक, मांडणीच्या फायली ब्राउझर तुमच्या डिस्कवर उतरवून ठेवतो. पुन्हा तिथे गेलात की त्याच फायली घरातून काढून देतो. आपल्याकडे जून लागायच्या आत पावसाळ्याची बेगमी करतात ना, तसंच. कोयनेच्या खोऱ्यात एकदा पाऊस लागला की मिठाच्या पुडीसाठी बाजारात कोण जाणार?

आता कोणी विचारेल, साठवलेली फाईल शिळी झाली तर? प्रत्येक फायलीबरोबर ती किती वेळ वापरावी याची सूचना येऊ शकते. मुदत संपली की ब्राउझर मूळ सर्व्हरला विचारतो, "माझ्याकडे ही प्रत आहे, बदल झालाय का?" बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो. म्हणजे, तुझीच प्रत वापर. आपल्या नैयायिकांनी स्मृतीला प्रमेच्या पंक्तीत बसवलं नाही, कारण ती आधीच्या अनुभवाच्या आधारावर उभी असते. कॅशही तशीच परावलंबी. आणि परावलंबी आहे म्हणूनच ती हलवता येते, पुसताही येते. सातबाराची झेरॉक्स हरवली तर आपण दुसरी काढतो, रडत बसत नाही.

आता कृती बघू. पहिलं काम, ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन जुनी कॅश पुसा. तिथे फक्त 'साठवलेली चित्रं आणि फायली' या अर्थाच्या चौकटीत खूण ठेवा. कुकीज, पासवर्ड यांच्यावरच्या खुणा काढा. हे आधी केलं नाही तर नवा साठा नव्या जागी सुरू होतो, पण जुना जागा अडवून तसाच पडून राहतो. मग डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करा.

फायरफॉक्स वापरत असाल तर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'अबाउट:कॉन्फिग' लिहा. सावधगिरीची सूचना येईल, ती स्वीकारा. शोधाच्या चौकटीत 'ब्राउझर.कॅश.डिस्क.पेरेंट_डिरेक्टरी' हे नाव द्या. ही नोंद बहुधा आधी नसते, म्हणून 'स्ट्रिंग' हा प्रकार निवडून अधिकचं चिन्ह दाबा आणि नव्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहा. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. 'अबाउट:कॅश' या पानावर साठ्याची जागा दिसते, तिथे खात्री करून घ्या.

क्रोममध्ये अशी सोय सेटिंग्जमध्ये नाही. विंडोजवर त्याच्या शॉर्टकटवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'टारगेट' या रकान्यातल्या मजकुराच्या शेवटी एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा द्या, त्यांना जोडून 'डिस्क-कॅश-डिर' हे इंग्रजीत, मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हांत नवा मार्ग लिहा. क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून त्याच शॉर्टकटवरून पुन्हा सुरू करा. एक लक्षात ठेवा, ही सूचना त्या शॉर्टकटपुरती आहे. ईमेलमधल्या दुव्यावरून क्रोम सुरू झाला, तर तो जुन्याच जागी साठा करेल.

नवी जागा निवडतानाही विचार करा. सी ड्राइव्ह वेगवान एसएसडी असेल आणि डी जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर जागा मिळेल पण वेग जाईल. पेनड्राइव्ह तर नकोच. दुसरी गोष्ट खासगीपणाची. विंडोजमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा फोल्डर इतर साध्या खात्यांपासून राखलेला असतो. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरला बहुधा तशी राखण नसते. घरात किंवा दुकानात एकच संगणक चार जण वापरत असतील, तर तुम्ही काय पाहिलंत त्याच्या खुणा तुम्ही स्वतःच ओसरीवर मांडून ठेवता. काही संकेतस्थळं 'हे साठवू नकोस' असं ब्राउझरला बजावतात. पण सगळीच बजावत नाहीत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझाही ड्राइव्ह भरला होता. मी उत्साहाने कॅशचा फोल्डर सोडून ब्राउझरचा सबंध प्रोफाइल फोल्डरच पेनड्राइव्हवर हलवला. पेनड्राइव्ह महिनाभरात बिघडला. प्रोफाइलमध्ये कॅशखेरीज आपले पासवर्ड, इतिहास, जपलेल्या पानांच्या खुणा असतात. त्या खुणांमध्ये माझ्या पत्नीने शेवटच्या आजारपणात ऐकायला म्हणून जमवलेली भजनं होती.

भजनं मला पुन्हा सापडली. ती इंटरनेटवर होतीच, कुठे जाणार? पण तिने नेमकी कोणती निवडली होती, कुठलं आधी आणि कुठलं नंतर लावलं होतं, ते कोणत्याच सर्व्हरवर नव्हतं. भजनाची फाईल ही नक्कल होती. तिची निवड अस्सल होती. आकाराने बघाल तर ती यादी काही ओळींचीच. मी मात्र जागा कोण किती अडवतं एवढंच बघत होतो.

कोयना धरणासाठी घरंदारं सोडलेली कुटुंबं आपल्या तालुक्यात आहेत. हलवणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. भांडीकुंडी गाडीत बसतात, शेजार बसत नाही. संगणकातलं स्थलांतर त्यामानाने अगदीच किरकोळ, पण प्रश्न तोच विचारायचा : हे हरवलं तर मला परत कुठून मिळेल? उत्तर 'सर्व्हरवरून' असेल तर खुशाल हलवा. उत्तर 'कुठूनच नाही' असेल तर आधी दुसरी प्रत करा, ती उघडते का ते पाहा, आणि मगच हात लावा.

त्या मुलाने आपला ड्राइव्ह मोकळा केला की नाही, ते आज चहाच्या वेळी विचारू.