जामीनकीची सही : ठेकेदाराच्या घरच्यांनी काय वाचावे?

सरकारी कामाची निविदा मंजूर झाल्याचे कळले की ठेकेदाराच्या घरी पेढे येतात. रस्ता असो, शाळेच्या खोल्या असोत की गटारीचे काम, वर्षभराची चिंता मिटली असे सर्वांना वाटते. मग आठ-पंधरा दिवसांत बँकेतून बोलावणे येते. कागदांचा गठ्ठा पुढे सरकवत कोणीतरी म्हणते, ‘‘वहिनी, इथे एक सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’’ वहिनी सही करतात. कधी सासरे करतात, कधी मेहुणा करतो. आपण नेमके काय लिहून दिले, हे मात्र पुष्कळांना काम अडल्यावरच समजते.

ती सही साक्षीदाराची नसते, जामीनदाराची असते. साक्षीदार ‘मी पाहिले’ एवढेच सांगतो. जामीनदार ‘त्याने दिले नाही तर मी देईन’ असे म्हणतो. ठेकेदाराकडून जामीन का घेतात आणि ती जबाबदारी घरापर्यंत कशी पोहोचते, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

शब्द दोन्ही भाषांचा

आपण घरात मराठी आणि कचेरीत कानडी बोलणारी माणसे. या विषयातले बरेचसे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. मराठीत जामीन, तर कन्नडमध्ये जामीनु. आपली सही, तर तिकडेही सहीच. आपली ठेव, तर तिकडे ठेवणि. ठेकेदाराला कन्नडमध्ये गुत्तिगेदार म्हणतात आणि मराठवाड्यात तोच गुत्तेदार होतो. जामीन हा शब्द मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. जुन्या मराठी कारभारात हाजिरजामीन आणि मालजामीन असे दोन प्रकार होते. पहिला माणूस हजर करण्याची हमी देई, दुसरा पैशाची. ठेकेदाराच्या कागदावर सही करणारा हा मालजामीन असतो, हे लक्षात ठेवले तरी निम्मा विषय समजला.

खाते काय मागते?

सार्वजनिक बांधकाम खात्याकडे नोंदणी करताना ठेकेदाराचा अनुभव, यंत्रसामग्री आणि ऐपत पाहून त्याला वर्ग दिला जातो. त्या वर्गावर तो किती रकमेपर्यंतची कामे घेऊ शकतो हे ठरते. पण नोंदणी झाली म्हणजे खात्याची खात्री पटली असे नव्हे. प्रत्येक कामाला वेगळी हमी द्यावी लागते. कर्नाटकात सरकारी खरेदी आणि कामांच्या निविदा १९९९ च्या पारदर्शकता कायद्याखाली निघतात. हमीची रक्कम, मुदत आणि नमुना त्या-त्या निविदेच्या कागदपत्रांत दिलेला असतो.

हमीचे टप्पे साधारण तीन. निविदा भरताना बयाणा रक्कम. निवड झाल्यावर ठेकेदार मागे सरला, तर ती जप्त होते. काम मिळाल्यावर काम पूर्ण करण्याची हमी, म्हणजे परफॉर्मन्स सिक्युरिटी. आणि चालू बिलांतून कापून ठेवलेली अनामत, जी दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर परत मिळते. समजा काम पन्नास लाखांचे आहे आणि हमी पाच टक्के मागितली आहे, तर अडीच लाख रुपये अडकले. अशी चार कामे एकदम चालू असली तर दहा लाख. एवढी रोकड लहान ठेकेदाराकडे मोकळी नसते, म्हणून तो बँक गॅरंटी घेतो.

जामीनाला जामीन

खरी गुंतागुंत इथे सुरू होते. बँक खात्याला लिहून देते, ‘‘ठेकेदाराने काम केले नाही, तर तुम्ही मागाल तेव्हा आम्ही पैसे देऊ.’’ या गॅरंटीची भाषा बहुधा बिनशर्त असते. खात्याने पत्र पाठवले की कोणाची चूक आहे हे तपासत न बसता बँकेला पैसे भरावे लागतात. ठेकेदार कोर्टात गेला, तरी उघड मोठी फसवणूक किंवा कधीच भरून न निघणारे नुकसान दाखवल्याखेरीज कोर्ट सहसा हे पैसे अडवत नाही. ‘बिल खात्यानेच थकवले’ ही तक्रार खरी असली, तरी तिचा निकाल नंतर लागतो. पैसे आधी जातात.

बँक हे पदरमोड करून करीत नाही. ती ठेकेदाराकडून कमिशन घेते, काही रक्कम मार्जिन म्हणून मुदतठेवीत अडकवते आणि उरलेल्या रकमेसाठी घर किंवा प्लॉट तारण मागते. शिवाय भागीदाराची किंवा घरच्या कोणाची वैयक्तिक जामीनकी घेते. म्हणजे खात्यासमोर बँक जामीन आणि बँकेसमोर आपण जामीन. वहिनींच्या सहीची जागा ही अशी आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. जामीनकीचा कायदा आजही त्यातच आहे. कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे सांगण्याचा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले : धनकोने आधी ऋणकोमागे धावले पाहिजे, अशी सक्ती नाही. कलम १२६ प्रमाणे तोंडी हमीसुद्धा हमीच असते.

कायद्याने जामीनदाराला उघडा टाकलेले नाही. जामीनदाराला न विचारता मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो (कलम १३३). महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली हमी टिकत नाही (कलम १४३). पैसे भरले तर ते मूळ देणेकऱ्याकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे (कलम १४५). दोन-तीन जामीनदार असतील तर, वेगळे ठरले नसल्यास, बोजा त्यांच्यात सारखा वाटला जातो (कलम १४६). चालू स्वरूपाची हमी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते (कलम १३०).

मात्र इथेच छापील फॉर्म नीट वाचावा लागतो. ‘अटी बदलल्या, मुदत वाढवली तरी माझी हरकत नाही’ असे वाक्य बँकेच्या नमुन्यात बहुतेक वेळा आधीच छापलेले असते. त्यावर सही केली की कलम १३३ चे संरक्षण आपणच सोडून दिले. कायद्याने एका हाताने दिलेले आपण दुसऱ्या हाताने परत करतो आणि त्याला फॉर्मॅलिटी म्हणतो!

घर तारण ठेवले असेल तर धोका आणखी वाढतो. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता दिवाणी दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, राहते घर वगळलेले नाही.

विमा कंपनीचा जामीन

अलीकडे ‘शुअरिटी बॉण्ड’ हा शब्द ठेकेदारांच्या बोलण्यात येतो. यात बँकेऐवजी विमा कंपनी जामीन राहते. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तिथल्या १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांना दोन बॉण्ड लागू केले : एक काम पुरे करण्याचा, दुसरा मजूर आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे देण्याचा. कॅलिफोर्निया राज्यात तर ठेकेदाराला परवान्यासाठीच बॉण्ड लागतो. १ जानेवारी २०२३ पासून त्याची रक्कम २५ हजार डॉलर आहे. घरमालकाचे नुकसान झाले तर तो या बॉण्डवर दावा करू शकतो.

आपल्याकडे २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी कामांसाठी बँक गॅरंटीऐवजी असा बॉण्ड चालेल, असे जाहीर झाले. विमा नियामक प्राधिकरणाची नियमावली १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि त्या डिसेंबरात देशातला पहिला बॉण्ड बाजारात आला. २०२३ मध्ये काही अटी सैलही केल्या. बँकेतली मर्यादा आणि मार्जिनची रक्कम मोकळी राहते, हा याचा मोठा फायदा. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्या निविदेत हा बॉण्ड चालतो का, हे आधी वाचावे. विमा कंपनीही ठेकेदाराचा ताळेबंद आणि पूर्वीची कामे तपासते, तारण किंवा हमीही मागू शकते. आणि नाव विम्याचे असले, तरी हा ठेकेदाराच्या नुकसानीचा विमा नव्हे. गाडीच्या विम्यात कंपनीने पैसे दिले की विषय संपतो. इथे कंपनीने खात्याला दिलेले पैसे ती ठेकेदाराकडून वसूल करते.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

बँकेत जाण्याआधी घरात बसून पुढच्या गोष्टी विचारून घ्याव्यात.

१. जामीनकी किती रुपयांची? आकडा लिहिलेला आहे की ‘सर्व देणी’ असे मोघम शब्द आहेत?

२. ती एकाच कामापुरती आहे की पुढच्या सगळ्या कामांना लागू होणारी, चालू स्वरूपाची?

३. गॅरंटीची मुदत कधी संपते आणि दावा करण्याची शेवटची तारीख कोणती? कामाला मुदतवाढ मिळाली की गॅरंटीही बहुधा वाढवावी लागते.

४. तारण कोणती मालमत्ता आहे, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, त्या सर्वांना हे ठाऊक आहे का?

५. आणखी कोण जामीनदार आहेत?

६. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मिळाली का? रकाने कोरे ठेवून सही करू नये, हे सांगायलाच नको.

७. काम संपल्यावर मूळ गॅरंटी बँकेला परत गेली का? आपल्याला जामीनकीतून मोकळे केल्याचे पत्र आणि घराचे मूळ कागद मिळाले का? पेढे खरे तर त्या दिवशी वाटावेत.

कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि समजत नसेल, तर समजावून मागण्यात कमीपणा नाही. शाळेत कन्नड शिकलेल्या मुलामुलींना जवळ बसवून वाचून घ्यावा. रक्कम मोठी असेल तर वकिलाची फी देऊन वाचून घ्यावा.

आपण स्वतः घर बांधत असू, तर बाजू उलटी होते. खाजगी कामाला कोणी बँक गॅरंटी देत नाही. तेव्हा करारातच लिहून बिलातली पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवावी. गळती कळायला पावसाळा लागतोच.

नात्यात नकार देणे जड जाते, हे खरे. ‘भावावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतोच. पण काम बुडते ते नेहमी माणूस वाईट असल्यामुळे नव्हे. बिले थकतात, सिमेंट-सळईचे दर चढतात, पाऊस लांबतो. भावावर विश्वास ठेवूनही जामीनकीचा आकडा मर्यादित ठेवता येतो, राहते घर सोडून दुसरे तारण सुचवता येते आणि एकाच कामापुरती सही देता येते. बँकेलाही असे विचारता येते. ती प्रत्येक वेळी मान्य करील असे नाही, पण विचारल्यावाचून कोणी अट बदलत नाही. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असे कोणी म्हटले, तर शांतपणे एवढेच म्हणावे, ‘‘मग वाचायला एक दिवस घरी न्यायला हरकत नाही ना?’’