हट्टी बोल्ट का सुटत नाही?

सायकलच्या चाकाचा गंजलेला नट फिरेनासा झाला, की आपण लांब पाना घेऊन जोर लावतो. कधी नट सुटतो, तर कधी बोल्टच तुटतो. सायकलचा बोल्ट बाजारात सहज मिळतो. पण जुन्या मोटारीच्या इंजिनात बोल्ट तुटला, तर त्याचा तुकडा आत अडकतो आणि दुर्मिळ भाग निकामी होण्याची वेळ येते. म्हणून जोर लावण्यापूर्वी विचारायला हवे : या बोल्टला नेमके कोणी धरून ठेवले आहे?

उदाहरण म्हणून इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे बनलेली 'जॅग्वार ई-टाइप' ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार घेऊ. ती १९६१ साली बाजारात आली. तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावरील सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे आणि दोघांना जोडणारे लांब स्टड पोलादाचे असतात. नट काढले तरी अनेकदा हेड या स्टडांवरून जागचे हलत नाही.

तीन पकडी

पहिली पकड घर्षणाची. नट आवळताना लावलेल्या पिळापैकी साधारण नव्वद टक्के भाग घर्षणावर खर्च होतो. त्यातला जवळजवळ निम्मा नटाच्या बुडाशी व उरलेला आट्यांमध्ये जातो. बोल्टला ताण देण्याचे काम जेमतेम दहा टक्केच करतात.

दुसरी पकड गंजाची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या अरुंद फटीत त्याला पसरायला वाव नसतो, म्हणून तो पाचरीसारखा दोन्ही बाजू दाबून धरतो.

तिसरी पकड विद्युत्-रासायनिक. अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी शिरले, की एक छोटा विद्युत् घट तयार होतो. अॅल्युमिनियम अधिक क्रियाशील असल्याने तेच झिजते, आणि त्याची पांढरी संयुगे स्टडभोवतीच्या फटीत घट्ट बसतात. ई-टाइपचे हेड अडकते ते मुख्यतः यामुळे.

पकड कशी सोडवावी?

प्रथम पाना तपासावा. त्या काळच्या इंग्लिश मोटारींतील मापे इंचांत असतात. अर्ध्या इंची नटाची रुंदी १२.७ मि.मी. असते. त्यावर १३ मि.मी.चा पाना बसतो खरा, पण ०.३ मि.मी. सैल राहतो. अशा पान्याने जोर लावला, तर नटाचे कोपरे गोल होतात.

मग पातळ, आत झिरपणारे तेल टाकावे आणि वाट पाहावी. केशाकर्षणाने ते बारीक फटींत शिरते, पण त्याला तासच नव्हे, तर कधी दिवसही लागतात. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ठिसूळ गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नट आधी किंचित आवळून मग सोडवावा. मागेपुढे हलवल्याने गंजाचा भुगा होतो.

उष्णताही मदत करते. धातू तापवला, की त्यातले भोक लहान होईल असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात भोकही मोठे होते. दहा मि.मी.चे भोक असलेले अॅल्युमिनियम १०० अंश सेल्सिअसने तापवले, तर ते भोक ०.०२३ मि.मी.ने रुंदावते. तेवढ्याच व्यासाचा पोलादी स्टड तितकाच तापला, तरी फक्त ०.०१२ मि.मी.ने फुगतो. फरक केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, पण मधल्या थराची पकड ढिली व्हायला त्याचा उपयोग होतो. मात्र पेट्रोलची टाकी, नळ्या किंवा तेल लागलेल्या भागाजवळ ज्योत कधीही नेऊ नये.

घाई का नको?

बोल्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ६ मि.मी.चा बोल्ट १२ मि.मी.च्या बोल्टच्या एक-अष्टमांश पिळातच तुटतो. पाना लांब केला, की पीळ वाढतो. बोल्टची ताकद मात्र तेवढीच राहते. तसेच अडकलेले हेड उचलण्यासाठी हेड आणि ब्लॉक यांच्या फटीत छिन्नी ठोकली, तर गुळगुळीत पृष्ठभाग खरवडतो आणि पुढे तिथूनच वायू व पाणी गळू लागते.

वर्गात करून पाहा

एकाच मापाच्या सहा लोखंडी नट-बोल्टच्या जोड्या सारख्या आवळा आणि दोन आठवडे मिठाच्या पाण्याने ओल्या ठेवा. नंतर तीन जोड्यांवर पातळ तेल टाकून एक दिवस थांबा. बोल्ट पकडीत धरा, पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून काटकोनात ओढा. नट हलला त्या क्षणीचे बल आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे पीळ. दोन्ही गटांच्या सरासरीची तुलना करा. एकेका जोडीवरून निष्कर्ष का काढू नये, हेही विद्यार्थ्यांना आपोआप समजेल.

शेवटी एक प्रश्न त्यांच्यासाठी ठेवावा : पुन्हा जोडताना आट्यांना वंगण लावले आणि पूर्वीइतकाच पीळ दिला, तर बोल्टवरील ताण वाढेल की कमी होईल? घर्षणाचा हिशेब वर दिलाच आहे.