कचऱ्याचं बिल कसं ठरवावं?

तुमच्या गावात किंवा शहरात कचरा उचलण्याचे महिन्याला किती पैसे घेतात, असं विचारलं तर बरेच जण आकडा सांगतील. पण तो आकडा आला कुठून, हे फार थोड्यांना सांगता येईल. आज आपण तेवढंच समजून घेऊ. कारण हा दर चुकला, की गरीब घरावर बोजा पडतो आणि ओला-सुका वेगळा करणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

आधी खर्च पाहू. तो दोन प्रकारचा असतो. घंटागाडी दारात येते. तिचं डिझेल, माणसांचे पगार, गाडीची दुरुस्ती हा खर्च तुम्ही एक किलो कचरा दिलात काय किंवा पाच किलो दिलात काय, जवळजवळ तेवढाच होतो. हा झाला ठरलेला खर्च. पुढे तो कचरा लांबच्या डेपोपर्यंत नेणं, निवडणं आणि त्याची विल्हेवाट लावणं यांचा खर्च मात्र वजनाप्रमाणे वाढतो. कचरा मिसळलेला असेल तर आणखीच वाढतो. उष्ट्या अन्नात भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही.

आता हे पैसे वसूल कसे करतात, ते पाहू. बेंगळुरूने 2025 पासून घराच्या आकारावर शुल्क ठरवलं आणि ते मालमत्ता कराबरोबर घ्यायला सुरुवात केली. 600 चौरस फुटांपर्यंत महिना 10 रुपये, 4000 चौरस फुटांच्या वर 400 रुपये. ऐपतीप्रमाणे भार, हे यातलं चांगलं. पण नीट वर्गीकरण करणारा आणि सगळं एकाच पिशवीत कोंबणारा, दोघांची घरं सारखी असली तर दोघांचं बिल सारखंच.

दक्षिण कोरियाने 1995 मध्ये दुसरी वाट धरली. घरचा कचरा विकतच्या ठरावीक पिशवीतच द्यायचा, आणि पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या काढून दिल्या तर त्याला पैसे नाहीत. कचरा कमी, तर खर्च कमी. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणलं तर पिशवीचे पैसे वाचवायला कोणी कचरा नाल्यात टाकेल, कोणी कोपऱ्यावर पेटवेल.

पुण्यात आणखी वेगळी पद्धत आहे. तिथे 2008 मध्ये महापालिकेने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. घरं दर महिन्याला थेट कचरावेचकांना पैसे देतात आणि सुक्या कचऱ्यातून विकलं जाणारं भंगारही त्यांचंच. त्यामुळे पुठ्ठा कोरडा राहावा, यात त्यांचा रोजचा फायदा असतो.

या तिन्हींतून एक साधा दर बांधता येतो. हिशोबासाठी काही आकडे धरू. समजा एका वस्तीत 1000 घरं आहेत आणि महिन्याचा खर्च दीड लाख. त्यातले 90,000 ठरलेले, 60,000 वजनाचे. ठरलेला खर्च घराच्या आकारावर वाटा: 300 लहान घरांना 50 रुपये, 500 मध्यम घरांना 90, 200 मोठ्या घरांना 150. बेरीज बरोबर 90,000. उरलेला खर्च घरामागे 60 रुपये. ओला कचरा वस्तीतच खत झाला आणि त्यामुळे घरामागे 40 रुपये वाचले, तर वेगळा करून देणाऱ्या घराला ते 40 परत. म्हणजे लहान घर वर्गीकरण करत असेल तर 70 रुपये, नसेल तर 110. मोठं घर करत नसेल तर 210.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, सवलत कचरा देणाऱ्याला मिळावी. ती घरमालकाच्या करात वजा झाली तर भाडेकरूने कशासाठी खटपट करायची? दोन, पैसे थकले म्हणून कचरा उचलणं थांबवू नये. तो शेवटी सगळ्यांच्याच गटारात जातो. तीन, सुका कचरा ठेकेदाराच्या नावावर करण्याआधी तो आजवर कोण वेचत होतं, ते पाहावं. नाहीतर आपली सवलत कोणाच्या तरी भाकरीतून येईल.

आणि हो, 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केलं. त्यामुळे जास्त पैसे भरले म्हणजे मिसळून द्यायची मुभा मिळाली, असं कोणी समजू नये.

पुढच्या वेळी ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत दरवाढीचा विषय निघाला, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी विचारा: यातला ठरलेला खर्च किती, वजनाचा किती, आणि कचरा वेगळा करणाऱ्याला परत किती मिळणार?