कोरोमंडलच्या पुढचा प्रवास

कोलकात्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे आम्हा दोघांनाही कोरोमंडल एक्स्प्रेस ठाऊक होती ती चेन्नईला उपचारांसाठी नेणारी गाडी म्हणून. यजमानांच्या तोंडाच्या कर्करोगाने हा मार्ग पाठ करून घेतला. यंदा प्रथमच तपासणीचे निमित्त नसताना तिच्यात बसलो आणि चेन्नईहून पुढे कोचीला गेलो. किरणोपचारांनंतर त्यांच्या तोंडाला लाळ कमी सुटते. मोहरीच्या वाटणातला इलिश, जो आमच्या घराचा प्राण, आता सोसत नाही. कोचीत आप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू समोर आला. मऊ, सौम्य, ओलसर. चार आप्पम संपले; मी मोजत होते.

रेल्वे कर्करुग्णाला सवलत देते, सोबत्यालाही देते, पण ती उपचार वा तपासणीच्या प्रवासापुरतीच. सहलीचा खर्च सरकारने उचलावा, असे मी म्हणणार नाही. परंतु 2018 पासूनची आयुष्मान भारत योजनाही प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठीच आहे. गिळण्याचे व्यायाम, दातांची निगा, आहारसल्ला ही बाह्यरुग्ण विभागातली कामे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि माणूस पुन्हा जेवू लागतो तो यांच्याच बळावर.

कोचीहून आम्ही आप्पमची खोलगट कढई आणली आहे. पीठ आंबवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.