वही बदलताना हिशेब सांडू नये



कणगी जुनी झाली, बुडाला उंदराने भोक पाडले, की घरातली जाणती बाई काय करते? आधी नवी कणगी शेणाने सारवून उन्हात वाळवते. मग जुन्या कणगीतले धान्य पायलीने मोजून काढते आणि मोजूनच नव्या कणगीत भरते. जितक्या पायल्या निघाल्या तितक्याच आत गेल्या, याची खात्री झाल्याशिवाय ती जुनी कणगी चुलीत घालत नाही.

आता तुमच्या हातातल्या मोबाइलकडे पाहा. दुधाचा रतीब, मजुरांची हजेरी, गड्याची उचल, दुकानाची उधारी, सारे आता त्यात लिहिले जाते. एखाद्या सकाळी पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘अपडेट करा’. तुम्ही बोट लावता आणि धारा काढायला निघून जाता. त्या दोन मिनिटांत आत कणगी बदलण्याचेच काम चाललेले असते. ते नीट झाले तर कळतही नाही. बिघडले तर तीन वर्षांच्या नोंदी जातात, आणि गड्याने उचल किती घेतली होती यावरून दोन घरांत वितुष्ट येते. म्हणून हे काम कसे चालते, हे जाणून घेतलेले बरे.

कारकून वेगळा, वही वेगळी

अॅप म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून, आणि तुमच्या नोंदी म्हणजे त्याच्या हातातली वही. अपडेट करता तेव्हा कारकून बदलतो, वही तीच राहते. पण अॅप मोबाइलमधून काढून टाकले, म्हणजे अनइन्स्टॉल केले, तर कारकुनाबरोबर वहीही जाते. अॅप अडखळू लागले की ते काढून पुन्हा घालण्याची अनेकांना सवय असते. नोंदी फक्त मोबाइलमध्येच असतील, तर ही सवय फार महागात पडते.

मोबाइलमधल्या पुष्कळशा अॅपची वही ‘एसक्यूलाइट’ नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. अमेरिकेतील रिचर्ड हिप यांनी ती २००० साली तयार केली. या वहीच्या आरंभी एक आकडा लिहून ठेवण्याची जागा असते. ही वही कितव्या आवृत्तीची, हे त्यावरून कळते. नवा कारकून वही उघडताच आधी तो आकडा पाहतो. वही ३ नंबरची आहे आणि आपल्याला ५ नंबरची लागते, असे दिसले की तो आधी ३ ची ४ करतो, मग ४ ची ५. असे पायरीपायरीने केल्यामुळे ज्याने वर्षभर अपडेट केलेले नाही त्याचीही वही जागेवर येते.

एका पायरीत काय होते? समजा, दुधाच्या वहीत आजवर लिटर आणि रुपये एवढेच दोन रकाने होते. नव्या आवृत्तीत फॅटचा तिसरा रकाना आला. मग जुन्या नोंदींपुढे फॅट काय लिहायची? शहाणा कारकून ती जागा रिकामी ठेवतो. अडाणी कारकून शून्य लिहितो, आणि महिन्याची सरासरी काढताना तुमच्या म्हशीचे दूध पाण्यासारखे ठरते. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांतला फरक तुम्हांआम्हांला कळतो, यंत्राला तो सांगावा लागतो.

काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली तर? चांगल्या अॅपमध्ये नियम असा की बदल झाला तर पुरा, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट राहिल्यास पुढच्या वेळी वही पूर्वीसारखीच उघडते. परंतु हा नियम अॅप बनवणाऱ्याने पाळलेला असावा लागतो.

आकडा तोच, अर्थ वेगळा

सर्वांत घातक चूक वही हरवण्याची नव्हे. सगळे जागेवर दिसते आणि तरी खोटे असते, ती चूक अधिक घातक.

जुन्या वहीत जमिनीपुढे २.२० लिहिले आहे. तुम्ही ते २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, असे वाचता. नव्या आवृत्तीतला रकाना हेक्टरचा आहे. नीट बदल केला तर तेथे १ हेक्टर १ आर यायला हवे. कारकुनाने आकडा तसाच उचलून ठेवला, तर २.२० हेक्टर म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर झाले! खत आणि बियाणे त्याच हिशेबाने दुप्पट निघेल.

असा प्रसंग आपल्या देशावर पूर्वीही आला होता. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा देणार कोण? म्हणून एका आण्याचे ६ पैसे धरले गेले. एकेका आण्याच्या सोळा नोंदी वेगवेगळ्या बदलल्या तर होतात ९६ पैसे, आणि सोळा आण्यांचा रुपया एकदम बदलला तर १००. आधी बेरीज करून मग बदलायचे, की आधी बदलून मग बेरीज करायची, एवढ्यावर चार पैसे गेले.

अक्षरांचेही तसेच. युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर मराठी टाइप करताना पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवलेला असे. फॉन्ट बदलला की ‘शेत’ जाऊन भलतीच चिन्हे येत. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा बदलतक्ता लागतो.

आणि मोठ्यांनाही ठेच लागते. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ग्राहकांची खाती एकदम नव्या यंत्रणेवर नेली. नोंदी पोहोचल्या, पण नवी यंत्रणाच कोलमडली, आणि लाखो लोकांना स्वतःचे पैसे असून काढता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये तिला जवळजवळ ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. धान्य नव्या कणगीत पडले, पण कणगीचे तोंडच उघडेना, तर पोराबाळांनी खायचे काय?

तुम्ही काय कराल?

१. अपडेट करण्यापूर्वी अॅपमधून नोंदींची प्रत, म्हणजे बॅकअप, काढा आणि ती मोबाइलबाहेर ठेवा. पुढे गेलेली वही जुन्या कारकुनाला सहसा वाचता येत नाही. मागे फिरायचे तर ही प्रतच कामी येते.

२. नोंदी किती, एकूण बाकी किती आणि सर्वांत जुनी नोंद कोणती, हे तीन आकडे कागदावर उतरवा. अपडेट झाल्यावर तेच तीन पुन्हा पाहा. त्याबरोबर एकदोन नावे आणि जमिनीचे क्षेत्रही ताडून घ्या.

३. मोबाइल चार्ज असावा, आत थोडी जागा मोकळी असावी. दूध घालण्याच्या किंवा हप्ता भरण्याच्या ऐन वेळी अपडेट करू नका.

४. अपडेट अॅपच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. मेसेजमधून आलेल्या दुव्यावर बोट लावू नका.

५. गडबड दिसली तर अॅप काढून टाकू नका आणि नव्या नोंदी करू नका. आधी बनवणाऱ्याला कळवा.

६. पहिला आठवडाभर कागदी वहीतही लिहा, आणि जुनी प्रत निदान एक हंगाम जपून ठेवा.

घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल तर हे काम तिच्याकडे सोपवा. पण ते तीन आकडे मात्र तिच्याशेजारी बसून स्वतः पाहा. घाम तुमचा आहे, तेव्हा हिशेबही तुमच्या नजरेखालून गेलेला बरा.