गावात नवी इंटरनेट कंपनी आली की दर का उतरतात?



शेतकी खात्याच्या लेखात बेणं, खोडवा, हुमणी सोडून इंटरनेटचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु अलीकडे आम्ही ऊस पाहणीला गेलो की बांधावर हा प्रश्न हमखास निघतो. "साहेब, नव्या कंपनीची वायर गावात आलीया. पहिलं तीन महिनं फुकट म्हणत्यात. जुनी काढून टाकू का?" सात-बारा, ई-पीक पाहणी, वजनाचा मेसेज, बँकेचा ओटीपी, मुलांचा अभ्यास हे सगळं आता त्या वायरीवर नाहीतर सिमकार्डावर चालतं. तेव्हा वीजबिलासारखाच हाही प्रपंचाचा खर्च झाला आहे. शिवाय या दराच्या पळापळीत आमच्या खात्याचंही एक काम बिघडलेलं आहे. ते ओघानं पुढे येईलच.

हा व्यवहार समजायला कारखान्याचंच उदाहरण बरं पडतं. बॉयलर, मिल, कामगारांचे पगार, कर्जावरचं व्याज हा खर्च ऊस पाच लाख टन आला काय किंवा तीन लाख टन आला काय, फारसा बदलत नाही. गव्हाण रिकामी राहिली की तो सगळा बोजा थोड्या टनांवर बसतो. म्हणून ऊस कमी पडलेला कारखाना दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रात टोळ्या घालतो आणि दोन पैसे जादा देतो. इंटरनेटचं असंच आहे. टॉवर, जमिनीतली केबल, सरकारकडून लिलावात घेतलेल्या लहरी यांत पैसा एकदा गुंतला की आणखी एक घर जोडायला फार खर्च येत नाही. नव्या कंपनीची यंत्रणा उभी असते आणि गिऱ्हाईक नसतं, म्हणजे तिची गव्हाण रिकामीच! मग ती दर पाडते, वेळप्रसंगी फुकटही देते. फरक एवढाच की ऊसाच्या बाबतीत आपण विकणारे आहोत आणि इथं घेणारे. तिथं स्पर्धेनं दर चढतो, इथं उतरतो.

याचा सर्वांत मोठा दाखला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाली. आधी डिसेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं मोफत. सहा महिन्यांच्या आत दहा कोटी ग्राहक झाले. कऱ्हाडच्या दुकानांपुढं सिमकार्डासाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील; आमच्याच खात्यातले दोघे-तिघे कामाच्या वेळेत त्या रांगेत होते, हेही लपवत नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१४ च्या अखेरीस एक जीबी मोबाईल इंटरनेटमागे कंपन्यांना सरासरी २६९ रुपये मिळत होते. २०२२ साली हा आकडा दहा रुपयांच्या आसपास आला. यात नव्या तंत्राचा वाटा आहेच, पण जुन्या कंपन्यांनी आपण होऊन एवढा दर सोडला असता असं आम्हाला वाटत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. या लढाईत सगळ्यांचा दम टिकला नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली. एअरसेलनं २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. टेलिनॉर आणि टाटांचा मोबाईल धंदा एअरटेलकडे गेला. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. खेळाडू कमी झाले आणि दर पुन्हा चढू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये वाढ झाली, २०२१ च्या अखेरीस झाली, जुलै २०२४ मध्ये झाली. त्या जुलैत जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ झाला. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानंही त्याच आठवड्यात दर वाढवले. बीएसएनएलनं मात्र वाढवले नाहीत आणि पुढचे काही महिने बरेच ग्राहक तिकडे वळले. तिचं फोर-जी तेव्हा नीट उभं नव्हतं, स्वदेशी फोर-जी जाळ्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तरीही एक ठिकाण वाढ न करता शिल्लक आहे, याचा धाक बाजाराला असतो. सहकारी कारखान्याच्या पत्रिकेत लिहितो आहोत म्हणून हे म्हणतो असं कुणी समजू नये. पण शेजारी सहकारी कारखाना असला तर खाजगी कारखान्याचा दर कसा राहतो, हे आपण जाणताच.

ऊसाला केंद्र सरकारचा एफआरपी आहे, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये. इंटरनेटला तसा बांधून दिलेला दर नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, साधारणपणे दर कंपन्यांवर सोडते. कंपनीनं दर लागू केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तो ट्रायला कळवायचा असतो. म्हणून गिऱ्हाइकाचं खरं संरक्षण दुसरी वायर दारात असण्यात आहे.

घरातल्या वायरीच्या इंटरनेटबाबतही हेच घडलं. जिओफायबर सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा सर्वांत कमी दर महिना ६९९ रुपये होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून ३९९ चा प्लॅन निघाला. त्याच महिन्यात एअरटेलनं ४९९ चा काढला आणि ऑक्टोबरात बीएसएनएलनं ४४९ चा. या दरांवर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो.

मात्र ही चढाओढ सगळीकडे सारखी नाही. कऱ्हाड, सांगली, वाळवा या काठाच्या भागात घरं दाट. एका खांबावर तीन-तीन वायरी लोंबतात. पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या वाडीत पंधरा घरांसाठी काही किलोमीटर केबल कोण ओढणार? जत, आटपाडीच्या विखुरलेल्या वस्त्यांचंही तसंच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना २०११ साली मंजूर झाली ती यासाठीच. पण ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची शेवटची वायर कुणीतरी टाकावीच लागते. पुष्कळ गावांत ते काम बीएसएनएलची लाईन घेऊन गावचा केबलवाला करतो. पाऊस पडून वायर तुटली की सायकलवर शिडी टाकून येणारा माणूस तोच. शंभर रुपये वाचतात म्हणून सगळ्या गावानं त्याला एकदम सोडलं आणि नव्या कंपनीचा माणूस तालुक्याहून चार दिवसांनी आला, तर तो हिशेबही मांडला पाहिजे.

हे आम्ही अनुभवातून लिहितो. आमच्या एका गट ऑफिसात स्वस्त मिळते म्हणून बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून नवी लाईन घेतली आणि जुनी त्याच दिवशी बंद केली. ऐन हंगामात रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली. आठ दिवस वजनाच्या नोंदी मोबाईलवर चढवत बसलो. पैसे आगाऊ गेल्यामुळं कंपनीला घाई नव्हती. तेव्हा बांधावर विचारणाऱ्यांना आमचं सांगणं असं, की नवी लाईन जरूर घ्या, पण पहिला महिनाभर जुनी ठेवा. संध्याकाळी सात ते दहा, सगळं गाव लावून बसतं तेव्हा, नवी किती चालते ते पाहा. सवलत संपल्यावरचा दर जीएसटी धरून लिहून घ्या. राऊटरची अनामत परत कशी मिळणार, तेही विचारा.

आता आमच्या खात्याचं बिघडलेलं काम. स्वस्त सिमच्या मागं लागून अनेक सभासदांनी नंबर बदलले. वास्तविक जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. पण फुकट मिळालेलं नवं कार्ड सोपं वाटलं आणि जुनं कपाटात पडलं. न वापरलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि दुसऱ्याच कुणाला दिला जातो. आमच्या नोंदीत मात्र तोच राहिला. गेल्या हंगामात एका सभासदाच्या तोडणीचा मेसेज नागपूरकडच्या कुणा गृहस्थाला गेला. त्यांनी फोन करून "आमच्याकडे ऊस नाही, संत्री आहेत," असं सांगितलं म्हणून कळलं! तोवर टोळी फडात जाऊन परत आली होती, कारण वाट अडवून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या काढायला कुणी हजर नव्हतं. खोडव्याचा तो प्लॉट पुढं तीन आठवडे उभा राहिला आणि वजनात बसला.

तेव्हा ज्यांचा नंबर बदलला असेल त्यांनी लागणीची नोंद देतानाच नवा नंबर गट ऑफिसात लिहून द्यावा. चिटबॉयकडे सहीची चिठ्ठी दिली तरी चालेल. बँकेत आणि आधारला तोच नंबर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.